जॉर्जटाउनचा दंतवैद्य

सुनील गावस्कर यांनी मुलाचे नाव रोहन ठेवले ते रोहन कन्हायच्या कौतुकापोटी, हे क्रिकेटवेड्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही. हा कन्हाय पोर्ट मोरांटचा. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, तेव्हाच्या ब्रिटिश गयानात, या नावाचा उसाचा एक मोठा मळा होता. बेझिल बुचर आणि जो सॉलोमन हे कसोटीपटूही तिथलेच. एका मळ्याने तीन कसोटीपटू द्यावेत ही काही साधी गोष्ट नव्हे. पण त्याच मळ्यावर २२ मार्च १९१८ रोजी जन्मलेल्या एका मुकादमाच्या मुलाने जे केले, ते या तिघांनाही जमले नाही. चर्चिल आणि मॅकमिलन हे दोन ब्रिटिश पंतप्रधान, केनेडी आणि जॉन्सन हे दोन अमेरिकी अध्यक्ष, या चौघांनाही त्याने डोकेदुखी होऊन छळले. त्याचे नाव छेदी जगन. व्यवसायाने तो दंतवैद्य होता.

ब्रिटिश गयाना म्हणजे नकाशावर ऐसपैस, पण माणसांची वस्ती किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात. ही जमीन भरतीच्या पातळीखाली. डच वसाहतवाल्यांनी बांध घालून, कालवे खणून ती समुद्राकडून हिसकावली आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून तिच्यावर ऊस पिकवून घेतला. पुढे इंग्रज आले. गुलामगिरी संपली तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली. मे १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ या जहाजांतून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, उतरले. १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार भारतीय तिकडे गेले, त्यांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. गुलामांच्या वंशजांना वाटे, या नव्या लोकांनी कमी मजुरीत राबून आपला भाव पाडला. आलेल्यांना वाटे, शाळा, पोलीस आणि कचेऱ्या या लोकांनी आधीच बळकावल्या आहेत. दोघांच्याही डोक्यावर मळा होता, आणि बहुतेक मळे एकाच कंपनीचे: बुकर ब्रदर्स मॅककॉनेल. साखर बुकर्सची, दुकाने बुकर्सची, जहाजेही बुकर्सची. वसाहतीला लोक थट्टेने ‘बुकर्स गयाना’च म्हणत. आज साहित्यविश्वात ज्याचा दबदबा आहे तो बुकर पुरस्कार १९६९ मध्ये याच कंपनीने सुरू केला. १९७२ चा विजेता जॉन बर्जर याने तिचा कॅरिबियनमधला इतिहास भर समारंभात काढला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम ब्लॅक पँथर चळवळीला देऊन टाकली.

जगनचे आईवडील बस्ती जिल्ह्यातून, लहानपणीच, आपापल्या आयांबरोबर गिरमिटात आले होते. पोराने शिकावे म्हणून बापाने त्याला राजधानी जॉर्जटाउनच्या क्वीन्स कॉलेजात आणि तिथून अमेरिकेत धाडले. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ, मग शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये दंतवैद्यकी. शिकागोतच त्याला जॅनेट रोझेनबर्ग भेटली. ज्यू घरातली, परिचारिकेचे शिक्षण घेणारी, आणि विचारांनी त्याच्याहून दोन पावले डावीकडे. १९४३ मध्ये लग्न झाले आणि दोघे जॉर्जटाउनला आले. एकीकडे दवाखाना, दुसरीकडे मार्क्सवादाची अभ्यासमंडळे.

१९४८ मध्ये एनमोर मळ्यावर ऊसतोड कामगारांनी संप केला. ऊस तोडायचाच, वर मोळ्या वाहून कालव्यातल्या होड्यांतही भरायच्या, ही पद्धत त्यांना नको होती, आणि स्वतःच्या पसंतीच्या संघटनेला मान्यता हवी होती. १६ जूनला पोलिसांनी गोळीबार केला, पाच कामगार मेले. जगन प्रेतयात्रेच्या अग्रभागी जॉर्जटाउनपर्यंत चालत गेला. त्या दिवसापासून मळ्यांवरचे लोक त्याला आपला मानू लागले.

पण एकट्या भारतीयांच्या जिवावर राजकारण उभे राहणार नाही, हे त्याला कळत होते. म्हणून १९५० मध्ये पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपदी आणला गेला फोर्ब्ज बर्नहॅम. आफ्रिकी वंशाच्या शिक्षकाचा मुलगा, लंडनचा बॅरिस्टर, अत्यंत हुशार आणि वक्तृत्वात कुणाला हार न जाणारा. मळे जगनचे, शहर बर्नहॅमचे. एप्रिल १९५३ मध्ये प्रौढ मतदानाने झालेल्या पहिल्या निवडणुकीत या जोडीने २४ पैकी १८ जागा जिंकल्या. त्या वसाहतीत भारतीय आणि आफ्रिकी यांनी एका चिन्हाखाली मते दिल्याची ती पहिली वेळ होती आणि, दुर्दैवाने, तेवढ्या प्रमाणावरची शेवटचीही.

सरकार टिकले १३३ दिवस.

मंत्र्यांनी अकलेपेक्षा आवेश जास्त दाखवला हे मान्य करावे लागेल. सत्तेत असूनही ते विरोधकांसारखे वागत, साखर कामगारांच्या संपात उघड उतरत. मालकाने कोणत्या संघटनेला मान्यता द्यायची हे कामगारांच्या मतदानाने ठरावे, असा कायदा त्यांनी आणला. तो बेतला होता रूझवेल्टच्या काळातल्या अमेरिकेच्या वॅग्नर कायद्यावर. पण १९५३ साल होते. कोरियातले युद्ध नुकते थांबले होते, आणि लाल रंगाचा ठिपका दिसला की लंडन-वॉशिंग्टनमध्ये घंटा वाजत. ९ ऑक्टोबरला चर्चिल सरकारने युद्धनौका आणि फौजा पाठवून राज्यघटना स्थगित केली. लाकडी घरांचे जॉर्जटाउन पेटवून देण्याचा कट होता, असे श्वेतपत्रिकेत सांगितले गेले. त्या कटासाठी कुणावरही खटला भरला गेला नाही. २०११ मध्ये खुल्या झालेल्या ब्रिटिश गुप्तचरांच्या फायली सांगतात, की या पक्षाला बाहेरच्या कुठल्याही कम्युनिस्ट संघटनेकडून पैसा मिळत असल्याचे त्यांच्या खात्यालाच आढळले नव्हते.

जगन आणि बर्नहॅम दाद मागायला लंडनला गेले, तिथून भारतात येऊन नेहरूंना भेटले. सहानुभूती मिळाली, राज्य मिळाले नाही. परतल्यावर हालचालींवरचे निर्बंध मोडल्याबद्दल जगन तुरुंगात गेला, पाठोपाठ जॅनेटही. १९५५ मध्ये पक्ष फुटला. फुटीचे सारे खापर इंग्रजांवर फोडता येणार नाही. बर्नहॅमला पहिले स्थान हवे होते आणि जगन ते सोडणार नव्हता. पण जहालांना वेगळे पाडून ‘समजूतदारांना’ जवळ करायचे, हे इंग्रजांचे धोरण त्या फुटीच्या पोटात होते. १९५७ च्या निवडणुकीत जगनचा गट पुन्हा जिंकला. बर्नहॅमने पीपल्स नॅशनल काँग्रेस काढली. मळ्यांवरच्या वस्त्यांत एक भोजपुरी वळणाची घोषणा कानोकानी फिरू लागली: ‘अपन जात’. ती जगनने व्यासपीठावरून दिली नाही, असे त्याचे समर्थक सांगत. त्याने ती थांबवलीही नाही.

ऑगस्ट १९६१ मध्ये जगन तिसऱ्यांदा जिंकला. ३५ पैकी २० जागा, पण मते जेमतेम ४३ टक्के. बर्नहॅमला ४१ टक्के मते आणि जागा फक्त ११. हा फरक वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी पेन्सिलीने अधोरेखित केला असेल, कारण पुढचा सारा खेळ त्यावरच झाला.

या निवडणुकीच्या चारच महिने आधी क्युबात बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर कॅस्ट्रोला उलथवण्याचा डाव फसून केनेडींचे नाक कापले गेले होते. अशा वेळी जगन मदत मागायला अमेरिकेत आला. दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत त्याला सोव्हिएत संघाबद्दल खोदून खोदून विचारले गेले. एका वाक्यात निषेध केला असता तर काम झाले असते. पण हा पठ्ठ्या सिद्धांत समजावून सांगत बसला. केनेडींनी ती मुलाखत पाहिली आणि मग २५ ऑक्टोबरला व्हाइट हाउसमध्ये भेट झाली. जगनने आपण ब्रिटनच्या अन्युरिन बेव्हनच्या पठडीतले समाजवादी आहोत असे सांगितले. केनेडी सभ्यपणे बोलले आणि पैशाचा आकडा मात्र त्यांनी उच्चारला नाही. त्यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर या भेटीला हजर होते. हे नाव लक्षात ठेवावे.

परदेशी पैसा नाही, तर घरातून उभा करू, असे ठरवून जगनने केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांना बोलावले. काल्डोर आपल्याला नवे नाहीत. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५६ मध्ये ते भारतात आले होते, आणि आपला संपत्ती कर व खर्चावरचा कर त्यांच्याच अहवालातून निघाला. तेच औषध गयानाला दिले गेले: मालमत्तेवर कर, भांडवली नफ्यावर कर, पगारदारांना सक्तीची बचत. जानेवारी १९६२ च्या या अर्थसंकल्पाने बुकर्सपासून कारकुनापर्यंत सगळे एका बाजूला झाले. बिअरचे कारखानदार पीटर डी'अग्वियार यांचा युनायटेड फोर्स हा व्यापाऱ्यांचा पक्ष आणि बर्नहॅमचे कामगार हातात हात घालून मोर्चे काढू लागले. १६ फेब्रुवारीला जॉर्जटाउनचा व्यापारी भाग जळाला. नऊ वर्षांपूर्वी ज्या आगीचा आरोप जगनच्या माथी मारला होता, ती आता त्याच्या विरोधकांच्या दंगलीत लागली, आणि आपले सरकार वाचवायला जगनलाच ब्रिटिश फौजांची याचना करावी लागली.

दंगलीच्या चौकशीसाठी तीन सदस्यांचा आयोग नेमला गेला. त्यांत एक होते भारताचे न्यायमूर्ती गोपाळ दास खोसला. नथुराम गोडसेचे अपील ज्या तीन न्यायाधीशांनी सिमल्यात ऐकले, त्यांच्यातले हे एक. आयोगाने अर्थसंकल्प, सरकारी नोकरांची पगाराची नाराजी आणि नेत्यांच्या महत्त्वाकांक्षा यांचा हिशेब मांडला. मॉस्कोचा हात त्यांना या राखेत सापडला नाही.

वॉशिंग्टनला आयोगाच्या अहवालाची वाट पाहायची नव्हतीच. आग विझून तीन दिवस झाले नाहीत तोच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड होम यांना पत्र लिहिले. जगनच्या हाती स्वतंत्र गयाना आम्ही सहन करू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. मॅकमिलन पत्र वाचून भडकले. वसाहती मोकळ्या करा म्हणून वर्षानुवर्षे ब्रिटनला प्रवचन देणारे हेच लोक आता एक वसाहत धरून ठेवा म्हणतात! लॉर्ड होम यांनी उत्तरात हे सौम्य शब्दांत सुनावलेही. पण साम्राज्य आटोपत आलेल्या ब्रिटनला अमेरिकेची मर्जी अनेक कामांसाठी हवी होती, आणि गयानाची साखर काही त्या मर्जीहून गोड नव्हती. मे महिन्यात बर्नहॅम वॉशिंग्टनला जाऊन आला. तो संधिसाधू आहे, वांशिक राजकारण करतो, हे तिथल्यांना ठाऊक होते. ‘समाजवादी आहे, पण आपला आहे’ एवढे त्यांना पुरले.

मग पैसा वाहू लागला. तो थेट अमेरिकी गुप्तहेर खात्याकडून येत नव्हता. अमेरिकी कामगार महासंघ आणि काही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनांच्या नळातून येई. एप्रिल १९६३ मध्ये जगनने कामगार संघटनांच्या मान्यतेचा तोच दहा वर्षांपूर्वीचा कायदा पुन्हा मांडला आणि सार्वत्रिक संप सुरू झाला. संप साधारणपणे उपासमारीने मोडतात. हा ८० दिवस चालला, कारण संपकऱ्यांना शिधा मिळत होता. बंदर बंद, विमाने बंद, दिवे मंद. जगनने क्युबाकडून इंधन आणले, आणि त्याच्यावरचा आरोप जणू त्यानेच सिद्ध करून दिला. बुडणाऱ्याने दोर कुणाचा आहे ते पाहायचे नसते हे खरे, पण दोर टाकणारा दुसरा कुणी उरू नये अशी व्यवस्था आधीच झालेली होती. अखेर त्याने कायदा मागे घेतला.

३० जून १९६३ ला केनेडी मॅकमिलन यांच्या ससेक्समधल्या बर्च ग्रोव्ह या घरी गेले. अणुचाचणीबंदीसारखे जगाचे प्रश्न समोर असताना त्या बैठकीत वेळ काढून चर्चा झाली ती पाच-सहा लाख वस्तीच्या गयानाची. पुढच्या वर्षी अमेरिकेत निवडणूक होती आणि पश्चिम गोलार्धात दुसरा क्युबा केनेडींना परवडणार नव्हता. उपाय साधा होता: मतमोजणीची रीतच बदलायची. मतदारसंघांऐवजी प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणले, की ४३ टक्क्यांचे बहुमत होणार नाही.

आणि इथे जगनने आपल्या राजकीय आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. ऑक्टोबरमध्ये लंडनला घटनापरिषद भरली. तिन्ही पुढाऱ्यांचे एकमत होईना. तेव्हा वसाहतमंत्री डंकन सँडिस यांनी द्यावा तो निवाडा मान्य, अशा पत्रावर बर्नहॅम आणि डी'अग्वियार यांच्याबरोबर त्यानेही सही केली. ब्रिटिश न्यायबुद्धीवर मार्क्सवाद्याने एवढा विश्वास टाकावा याचे आजही नवल वाटते. सँडिस यांनी निवाडा दिला: प्रमाणशीर पद्धत, आधी निवडणूक, मग स्वातंत्र्य. बर्नहॅमला हवे ते सगळे मिळाले.

१९६४ हे वर्ष गयानातले जुने लोक अजून दबक्या आवाजात सांगतात. साखर मळ्यांवर संप, त्यावर बदली कामगार, त्यांच्यावर हल्ले. मार्चमध्ये लिओनोरा मळ्यावर रस्ता अडवून बसलेल्या बायकांवर ट्रॅक्टर घातला गेला आणि कोवसिला नावाची मजूर स्त्री मेली. मे अखेरीस बॉक्साइटच्या खाणीजवळच्या विझ्मार गावातून भारतीयांची घरे जाळून त्यांना हुसकावले. बायकांची विटंबना झाली, तीन हजारांवर लोक बोटींत घालून नदीवाटे हलवावे लागले. जुलैत ‘सन चॅपमन’ या प्रवासी लाँचवर स्फोट झाला. चाळीसच्या आसपास माणसे गेली, जवळजवळ सगळी आफ्रिकी वंशाची. वर्षअखेर मृतांचा आकडा १७० च्या वर गेला होता आणि सुमारे १५ हजार लोकांनी राहते घर सोडले होते. मिश्र वस्तीची गावे एकरंगी झाली. हे सारे वॉशिंग्टनमध्ये बसून कुणी घडवले नाही. कोयता आणि काडी शेजाऱ्याच्याच हातात होती. पण दोन जमातींमध्ये मध्यस्थी करू शकेल असे राजकारण जिथे उभे राहिले होते, तिथे दहा वर्षे पद्धतशीर सुरुंग लावले गेले होते, हेही तितकेच खरे.

डिसेंबरात मतदान झाले. जगनच्या पक्षाची मते वाढून जवळजवळ ४६ टक्के झाली. तरी ५३ पैकी २४ च जागा. बर्नहॅमच्या २२ आणि डी'अग्वियारच्या ७ एकत्र आल्या. विरोधात असताना या घटनेवर कडक टीका करणारे हॅरल्ड विल्सन तोवर ब्रिटनचे पंतप्रधान झाले होते. त्यांनी तीच घटना राबवली. जगन राजीनामा देईना, तेव्हा लंडनहून हुकूम काढून त्याला खुर्चीवरून उठवले. २६ मे १९६६ ला गयाना स्वतंत्र झाला तो बर्नहॅमच्या हाताखाली.

पुढची वीस वर्षे जी घडली, ती कुणी नाटकात लिहिली असती तर अतिशयोक्ती म्हणून प्रेक्षकांनी नाक मुरडले असते. १९६८ च्या निवडणुकीत परदेशस्थ गयानीज मतदारांच्या याद्या अचानक फुगल्या. ब्रिटनच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनने पत्ते शोधत फिरून पाहिले तर बहुतेक ठिकाणी त्या नावाचे कोणी नव्हतेच. अमेरिकेला हे आधीपासून ठाऊक होते. लोकशाही वाचवायला बसवलेल्या माणसाने मग डी'अग्वियारला बाजूला सारले, १९७० मध्ये ‘सहकारी प्रजासत्ताक’ जाहीर केले, बॉक्साइटच्या खाणी सरकारी केल्या, १९७६ मध्ये बुकर्सचे मळे ताब्यात घेतले. १९७२ मध्ये त्याने कॅस्ट्रोच्या क्युबाशी राजनैतिक संबंध जोडले. १९७५ मध्ये अंगोलाकडे जाणारी क्युबन विमाने गयानात तेल भरत होती. जगन करील म्हणून ज्याची धास्ती घेतली होती, ते बहुतेक सारे बर्नहॅमने केले, आणि निवडणुका लुटून केले. १९८० मध्ये दोन्ही जमातींना जोडू पाहणारा इतिहासकार वॉल्टर रॉडनी बाँबस्फोटात मारला गेला. परकीय चलन संपले तेव्हा गव्हाच्या पिठाच्या आयातीवर बंदी आली आणि भारतीय घरांतली पोळी चोरटा माल ठरली. ज्याला जमले तो न्यूयॉर्क नाहीतर टोरांटोला निघून गेला. बर्नहॅम १९८५ मध्ये घशाच्या शस्त्रक्रियेत वारला. शस्त्रक्रियेला क्युबन डॉक्टर होते.

जगनही निर्दोष नव्हे. १९६९ मध्ये त्याने पक्ष उघडपणे मॉस्कोच्या कळपात नेला आणि आपल्यावर संशय घेणाऱ्यांना समाधान दिले. पण निवडणूक हरल्यावर त्याने बंदूक उचलली नाही. अठ्ठावीस वर्षे तो विरोधात बसून पुढची निवडणूक मागत राहिला.

१९९० मध्ये, सोव्हिएत छावणी कोसळत असताना, न्यूयॉर्कमध्ये जेवणाच्या टेबलावर श्लेसिंजर त्याला भेटले आणि आपण त्या काळी बजावलेल्या भूमिकेबद्दल त्यांनी त्याची माफी मागितली. माणसाने मागितलेली माफी होती ती, सरकारने नव्हे. ऑक्टोबर १९९२ मध्ये जिमी कार्टर यांच्या देखरेखीखाली निवडणूक झाली. जगनला ५३ टक्क्यांवर मते पडली आणि ९ ऑक्टोबरला त्याने अध्यक्षपदाची शपथ घेतली. चर्चिलने घटना स्थगित केली त्याला त्या दिवशी बरोबर ३९ वर्षे झाली होती.

आपण कोणाला पाडले होते, हे अमेरिकेच्या नव्या पिढीला माहीतच नसावे. १९९४ मध्ये क्लिंटन सरकारने गयानाला राजदूत म्हणून विल्यम डोहर्टी यांचे नाव सुचवले. साठच्या दशकात ज्या कामगार संस्थेच्या नळातून पैसा वाहिला, तिच्यातलेच हे गृहस्थ. जगन थक्क झाला, नाव मागे घेतले गेले. त्या सुमारास जुनी कागदपत्रे खुली करण्याची वेळ आली होती, तर गुप्तहेर खात्याने ती अडवून धरली. अखेर परराष्ट्र खात्याने स्वतःच्या दस्तऐवज-संग्रहात २००५ मध्ये आकडा छापला: १९६२ ते १९६८ या काळात गयानातल्या गुप्त कारवायांवर सुमारे २० लाख ८० हजार डॉलर. एक देश उलथवायला लागलेली रक्कम म्हणून ती स्वस्तच म्हटली पाहिजे.

हे वाचायला जगन नव्हता. मार्च १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात तो वारला होता. २०१५ मध्ये गयानाच्या समुद्रात तेल सापडले आणि हा गरीब देश एकाएकी जगाच्या नजरेत आला. मार्च २०२० च्या निवडणुकीत मते बरीचशी अजूनही जमातीनुसारच पडली, निकालावर वाद झाला आणि तो जाहीर व्हायला पाच महिने लागले. ती निवडणूकही सँडिस यांनी १९६३ मध्ये दिलेल्या प्रमाणशीर पद्धतीनेच झाली.